खुणेचा रकाना

९ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून आधी घाबरू नकोस. माझी तब्येत बरी आहे. गुडघे आपापल्या वेळेला कुरकुरतात, बाकी गाडी चालू आहे. वरच्यांनी नळ बदलल्यापासून आपल्या स्वयंपाकघराच्या छताला आलेली ओल आता कपाटापर्यंत उतरली आहे. गवंडी उद्या येतो म्हणतो. त्याचा उद्या म्हणजे काय, ते तुला माहीतच आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय परवा तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी फारच घाईनं देऊन टाकलं असं मला मागाहून वाटत राहिलं.

तुझा प्रश्न असा. नव्या नोकरीच्या कागदांत ओळखीची खूण लिहायची होती, तर तू डाव्या गुडघ्यामागचा तपकिरी डाग लिहिलास. आणि बालगृहातून मिळालेल्या तुझ्या मूळ फॉर्मवर, खुणेच्या रकान्यात, इंग्रजीत 'नो मार्क्स' लिहिलेलं आहे. तिथल्या साहेबानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हे मूल आणि ही बाई एकच कशावरून, असं विचारलं. तू हसत मला म्हणालीस, "आई, मी नक्की मीच आहे ना? का दुसऱ्याच कुणाचा कागद माझ्या गळ्यात मारलास?" मी म्हटलं, "कारकुनी गलथानपणा गं," आणि गवंड्याचा विषय काढला.

तिथली कारकून मीच होते. ते अक्षरही माझंच आहे. तेव्हा गलथानपणा कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

तुला हे ठाऊक नसेल की बालगृहात लागायच्या आधी मी चार वर्षं मालगोदामात होते. ज्या खोक्यांवरचा पत्ता, शिक्का, चिठ्ठी वाटेत गळून गेली असेल, त्यांचं इंग्रजीत वर्णन लिहायचं, हे माझं काम. म्हणजे ज्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही, त्याच्याविषयी रोज आठ तास सांगायचं. आमचे हेडक्लार्क शब्दांच्या बाबतीत भारी खट होते. ज्यावर काही नसायचंच, ते 'प्लेन'. ज्यावर काहीतरी असायला हवं होतं आणि नाही, ते 'अनमार्क्ड'. चिठ्ठी आहे पण चिठ्ठीवर अक्षर नाही, तर 'ब्लँक'. आपण 'काही नाही' म्हणून हात झटकतो. इंग्रजीला नसण्याचेही वेगवेगळे कप्पे लागतात, याची मला तेव्हा मोठी गंमत वाटायची. एकदा मी हौसेनं डिक्शनरीतून 'नॉनडिस्क्रिप्ट', म्हणजे वर्णन करण्याजोगं काही नसलेलं, हा शब्द शोधून काढला आणि एका पोत्याला चिकटवला. हेडक्लार्कनी तो खोडला. म्हणाले, "हे पोत्याचं वर्णन नाही, तुमच्या कंटाळ्याचं आहे. परत जा आणि चारी बाजूंनी बघून या." मी गेले. पोत्याच्या तळाला निळ्या शाईचा अर्धा शिक्का होता.

आम्हाला सगळ्यांत आवडायचा तो 'नो मार्क्स'. घाईत नुसतं 'एन एम'. खूण असलेला माल वर्षभर सांभाळावा लागे, पेपरात जाहिरात द्यावी लागे, मालकाची वाट बघावी लागे. एन एम माल तीन महिन्यांत निकालात निघायचा आणि जागा मोकळी व्हायची. त्यामुळे दोन अक्षरं लिहिली की सगळ्यांचाच जीव भांड्यात पडायचा.

बालगृहाच्या फॉर्मवरही तसाच रकाना होता. फॉर्म वरच्या ऑफिसात जात, म्हणून इंग्रजीत भरायचे. तू आलीस त्या सकाळी आयाबाई तुला आंघोळ घालत होत्या. त्यांनी मोरीतूनच ओरडून सांगितलं, "काही नाही गं, पोर साफ आहे." मी जागेवरून न उठता एन एम लिहिलं आणि मग तारीख चांगल्या अक्षरात घालायची म्हणून पुरतं 'नो मार्क्स' केलं. दीड महिन्याचं बाळ, पायाला वळ्याच वळ्या, त्यातल्या एका वळीत डाग. राहून गेलं.

एवढंच झालं. साहेबाला तसं सांग.

त्या डागाला तुझे बाबा बेट म्हणायचे, आठवतं? तू त्याच्याभोवती शाईनं होड्या काढायचीस आणि मग चादरीवर सगळा समुद्र उमटायचा. बाबांना जाऊन तीन वर्षं होतील आता.

जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी आई

२४ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

आशीर्वाद. तुझं पाकीट मिळालं. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र छान टाइप करून घेतलंयस. 'फॉर्म भरतेवेळी सदर खूण माझ्या नजरचुकीने नोंदवावयाची राहिली. त्यामागे माझा कोणताही हेतू नव्हता.' खाली सहीची जागा, पेन्सिलीनं केलेली फुली, आणि तुझी चिठ्ठी: तीस तारखेच्या आत पाठव, नाहीतर नोकरी हातची जाईल.

चार दिवस सकाळचा चहा झाला की मी हा कागद घेऊन बसते. पहिल्या वाक्याला माझी काही हरकत नाही. दुसऱ्यापाशी पेन थांबतं.

गवंडी आला होता. ओल पुसून, वरून रंगाचा हात मारून गेला. मी त्याला म्हटलं, आतून गळतंय त्याचं काय? तो म्हणाला, "आजी, दिसत नाही ना आता?" मला बोलायला तोंडच कुठे आहे.

ठकू, तो डाग मला आठव्या दिवशी दिसला होता.

आयाबाई रजेवर होत्या, म्हणून लंगोट मी बदलत होते. तू पाय झाडलास आणि वळी उघडली. अंगठ्याच्या पेराएवढा, कडा स्पष्ट, न दिसण्यासारखा मुळीच नाही. अशा वेळी करायचं काय, हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. दुरुस्तीची चिठ्ठी लिहायची, बालगृह चालवणाऱ्या मोठ्या बाईंची सही घ्यायची, वरच्या ऑफिसला पाठवायची. मग खुणेसकट पेपरात जाहिरात, आणि वर्षभर थांबणं. बालगृहाचा नियम गोदामासारखाच होता. खुणेचं मूल वर्षभर ठेवायचं. बिनखुणेचं तीन महिन्यांनी दत्तक देता येई.

मी चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या दिवशी आयाबाईंना डागही दाखवला. त्या म्हणाल्या, "अगं बाई, माझ्या नजरेतून सुटला की. पाठव हो दुरुस्ती." मी म्हटलं, "पाठवते." मोठ्या बाई दोन दिवस बाहेरगावी होत्या, म्हणून चिठ्ठी खणात ठेवली. त्या आल्या. मी खण उघडला नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आमच्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. रोज पंधरा-वीस मुलांचे फॉर्म हाताळून मी कोरडी झाले आहे असं मला वाटायचं, आणि तू माझ्या खुर्चीजवळच्या पाळण्यात, माझं बोट धरल्याशिवाय झोपेनाशी झालीस. मी तुझ्या बाबांना एक दिवस बोलावून तुला दाखवलं. घरी पोचल्यावर ते दारातच म्हणाले, "पाळणा कुठं ठेवायचा?" मी तीन महिने मोजायला लागले. वर्ष मला मोजवेना. हे मी माफीसाठी लिहीत नाही. तू एकदा तरी विचारशील की का केलंस, म्हणून लिहून ठेवते आहे.

हे वाचून तू म्हणशील, आई, नऊ महिन्यांची तर घाई, त्यात काय एवढं. मलाही इथंच थांबता आलं असतं. पहिल्या पत्रात मी तुला एक गोष्ट सांगून दुसरी दडवली, आता दुसरी सांगून तिसरी दडवायचा मोह होतो आहे. एकदा सवय लागली की हात आपोआप तसाच वळतो.

बाराव्या दिवशी एक मुलगी खिडकीशी आली.

एकोणीस-वीस वर्षांची. तापातून उठलेली दिसत होती. केस गळलेले, ओठांची सालं निघालेली. अंगावर कुणाचं तरी मोठं स्वेटर. म्हणाली, "माझी मुलगी इथं आहे का बघता? मी तापात पडले होते. वडलांनी उचलून कुठंतरी नेऊन ठेवलं. कुठं ते सांगत नाहीत."

मी विचारलं, "काही खूण?"

हा प्रश्न मला विचारायलाच लागे. सवयीनं विचारला गेला. ती म्हणाली, "आहे ना. डाव्या गुडघ्याच्या मागं डाग आहे. एवढा." आणि स्वतःच्या अंगठ्याचं पेर धरून दाखवलं.

तू आतल्या खोलीत होतीस. आयाबाईंच्या मांडीवर.

फॉर्मांची नक्कल ज्यात असायची ते रजिस्टर मी काढलं. तुझं पान उघडलं. खोटं बोलायचं असं ठरवून उघडलं, की उघडल्यावर ठरवलं, हे पस्तीस वर्षं मला सांगता आलेलं नाही. रजिस्टर तिच्याकडे फिरवलं आणि रकान्यावर बोट ठेवलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. ती वाकून बघत राहिली. "काय लिहिलंय?"

"खूण नाही, असं लिहिलंय."

"नीट बघितलं होतं का?"

"आंघोळ घालूनच लिहितो आम्ही."

तेवढ्यात तू रडलीस. तिनं मान वर केली. ठकू, तिच्या स्वेटरवर पुढं दोन्हीकडे ओल पसरली. तिनं हात आडवे धरले आणि शरमून माझ्याकडे बघितलं, जणू तिचंच काही चुकलं होतं. म्हणाली, "कुणाचंही रडलं तरी असं होतं." मी म्हटलं, "होतं तसं." मी बाईमाणूस, मला ते कळत होतं, आणि तरी मी रजिस्टर मिटलं.

तिनं भेटीच्या पुस्तकात स्वतःचं नाव, पत्ता लिहिला. आपल्याच लिपीत, शाळकरी अक्षरात. काही कळलं तर सांगा म्हणाली. ती फाटकाबाहेर गेल्यावर मी ते पान फाडलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. तिसऱ्या वेळेला खिडकीशी आलीच नाही. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून राहिली आणि उठून गेली. नंतर दिसली नाही.

आयाबाईंनी सगळं ऐकलं होतं. मोठ्या बाईंना त्या काही बोलल्या नाहीत, मलाही नाही. पण तोवर मला 'अगं', 'ए पोरी' म्हणणाऱ्या आयाबाई दुसऱ्या दिवसापासून 'अहो बाई' म्हणायला लागल्या. मी नोकरी सोडली त्या दिवसापर्यंत. इतका मान मला आयुष्यात कुणी दिला नाही, आणि तो मी खाली मान घालून घेतला.

तुझ्या बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. घरी आणल्यावर त्यांना डाग दिसला तेव्हा मी सांगितलं, काही मुलांना तो मागाहून उमटतो. त्यांनी विश्वास ठेवला. गेले तेव्हाही तोच विश्वास घेऊन गेले.

आता गेल्या तीन-चार दिवसांतलं सांगते.

फाडलेलं पान मी जाळलं नव्हतं. शिवणाच्या डब्यात तळाशी होतं. तुझं पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, मी त्या पत्त्यावर गेले. दोन बस बदलाव्या लागतात, इतकंच अंतर. पस्तीस वर्षं दोन बसच्या अंतरावर होतो आपण. मनात धरलं होतं की घर पडलेलं असावं, माणसं निघून गेलेली असावीत. मी हात जोडून परत आले असते आणि तुझ्या कागदावर सही ठोकली असती.

घर होतं. तळमजल्याची एक खोली, दाराशी कपड्यांचे दोन गठ्ठे. शिंप्यांकडून कपडे आणून ती काजं करते, बटणं लावते. केस पांढरे झालेत, चष्मा आहे. तुझ्यासारखी दिसते का, ते मी सांगणार नाही; मी बघू नये म्हणून खूप प्रयत्न केला आणि तरी बघितलं.

मी खोटंच सांगितलं. जुन्या बालगृहाच्या ऑफिसातून आले आहे, जुने कागद तपासतो आहोत. तिनं मला ओळखलं नाही. स्टुलावरचे कपडे उचलून मला बसवलं.

"माझं नव्हतं हो ते तिथं," ती म्हणाली. "तुमच्या तिथल्या बाईंनी पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं होतं. खूण जुळली नाही. फार चांगल्या होत्या. बाकीच्या दोन ठिकाणी मला दारातूनच हाकलली. त्यांनी निदान बघितलं तरी."

मी विचारलं, मग पुढं काय केलंत?

"फिरले खूप. मग वडील म्हणाले, ते गेलं, मीच पुरलं, आता शोधू नकोस. मला आधी पटलं नाही. पण सगळीकडं विचारून झालं होतं, म्हणून मग मानलं." सुईत दोरा ओवता ओवता ती हे बोलत होती. "तुमच्या तिथं जुळली असती ना, तर मी त्यांचं मानलंच नसतं."

लग्न केलं नाही तिनं. वडलांना शेवटपर्यंत सांभाळलं. त्याच माणसाला.

निघताना तिनं विचारलं, "आता काही सापडलं का कागदांत?" मी म्हटलं, बघते आहे. हेही खोटंच. ती म्हणाली, "सापडलं तर कळवा. नाही सापडलं तरी कळवा. तेवढं केलं होतं मागं तुम्ही लोकांनी."

बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, आजी, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, नाही वाटत.

तेव्हा ठकू, तुझ्या वकिलाच्या कागदावर माझी सही होणार नाही. त्याऐवजी मी माझं प्रतिज्ञापत्र करून घेतलं आहे, कालच, आपल्या चौकातल्या टायपिस्टकडे. खूण होती, मला आठव्या दिवशी दिसली, मी ती जाणूनबुजून लिहिली नाही. टायपिस्टानं दोनदा विचारलं, "जाणूनबुजूनच टाकू ना?" कागद सोबत जोडला आहे. तुझ्या साहेबाला हवं ते यातून मिळेल: हे मूल आणि ही बाई एकच आहे. बाकीचं त्यानं वाचावं की नाही, ते तुझ्या हातात आहे.

ते फाडलेलं पानही सोबत आहे. तिचं नाव मी पत्रात लिहीत नाही. तिच्याच अक्षरात वाच.

तिला सांगायचं की नाही, हे मी तुला विचारत नाहीये. सांगायचंच आहे. पुढच्या रविवारी मी जाणार आणि रजिस्टर फिरवणारी बाई ती मीच, हे तिच्या तोंडावर सांगणार. तुला एवढंच विचारायचं आहे, की तुझं नाव-गाव तिला द्यायचं का, आणि तू आधी जाणार का. तू जाणार असशील तर मी थांबेन. माझ्यावर चिडून तिच्याकडे जायचं टाळू नकोस. तिनं काही केलेलं नाही.

फोन करावासा वाटला नाही तर करू नकोस. मी वाट बघेन. मला वर्षभर वाट बघवली नाही म्हणून हे सगळं झालं, आता बघता येईल.

प्रतिज्ञापत्रात सहीच्या खाली, मुलाशी नातं, असा एक रकाना असतो. टायपिस्टानं आपला हिशेब करून 'आई' टाइप केलं होतं. मी त्याला ते काढायला लावलं आणि 'फॉर्म भरणारी कारकून' असं घातलं. सरकारी कागदावर खरं तेच असावं. हे पत्र मात्र घरचं आहे, म्हणून इथं लिहिते, आणि तू खोडेपर्यंत राहू देते,

तुझी आई